वाढपी आणि चार नळ्या

वाढपी कधी खोटं बोलत नसे, आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

वाढपी म्हणजे उंबरमाळच्या हरितगृहातला यंत्रमानव. नाव मुलांनी ठेवलेलं. पंगतीत वाढपी जसा पानापानावरून फिरतो, तसा हा काकडीच्या तीनशे वेलांना पाण्यातून खत वाढायचा. चाकांवरचा एक उंचेला डबा, दोन लांब हात आणि अतिशय अदबशीर आवाज. रोज सकाळी सात वाजता तो मोठ्या टाकीत आपली मोजनळी बुडवायचा आणि जाहीर करायचा, "पोषण दोन पूर्णांक शून्य. उत्तम आहे."

बारा दिवस तो हेच सांगत होता. आणि त्याच बारा दिवसांत वेलांची पानं फिकी पडली, कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या आणि बोटभर वाढलेल्या काकड्या वाकड्या होऊन तिथेच थांबल्या. उत्तम पोषण मिळणारं झाड असं दिसत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

ही गोष्ट २०७१ सालातली. उंबरमाळ ही माणदेशातल्या कोरड्या माळावरची साठ घरांची वस्ती. पाऊस तिथे पाहुण्यासारखा यायचा आणि चहा न घेताच जायचा. म्हणून वस्तीचा नियम एकच होता: पाण्याचा थेंब वस्तीबाहेर जाता कामा नये. सामाईक स्वयंपाकघरातलं सांडपाणी वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून हरितगृहाच्या टाकीत जायचं. वेलांच्या कुंड्यांतून निथळलेलं पाणीही गोळा होऊन त्याच टाकीत परत यायचं. वाढपी त्यात कमी पडेल तेवढं खत मिसळायचा आणि पाणी पुन्हा ठिबकच्या नळ्यांतून वेलांकडे निघायचं.

मुलांनाही काम होतं. दर महिन्याला एका मुलाकडे 'पाणीराखण' यायची. कुठे नळ ठिबकतोय, कुठे पाणी वाया जातंय ते शोधायचं आणि वाचवलेलं पाणी टाकीच्या वाटेला लावायचं. किती लिटर वाचवले त्याचा आकडा चौकातल्या फळ्यावर लागायचा. वैशाख महिना गोदाचा होता. गोदा म्हणजे गोदावरी, वय वर्षं अकरा. तिच्या पिढीत यमुना, कुसुम, गोदावरी अशी नावं पुन्हा जोरात आली होती. तिने भांडी खळबळलेलं पाणी वाचवलं, भाजी धुतलेलं पाणी वाचवलं. वैशाखात वस्तीच्या वर्षभराच्या लोणच्यासाठी कैऱ्यांच्या फोडी मीठ लावून ठेवतात, त्यांना सुटलेलं पाणी श्रावणीकाकू स्वयंपाकघरामागे परातींमध्ये उन्हात ठेवायच्या आणि ते नुसतं वाळून जायचं. गोदाने तेही वाचवलं. रोज एक बादली. फळ्यावर तिचा आकडा आजवरच्या सगळ्या मुलांच्या वर गेला होता आणि ती चौकातून जरा हळूच चालायची, म्हणजे लोकांना अभिनंदन करायला वेळ मिळावा.

आता मात्र तिचं तिकडे लक्ष नव्हतं. कारण हरितगृहातल्या काकड्या तिच्या आईच्या होत्या.

गोदाची आई, ईश्वरी, काकडीची एक नवी जात तयार करत होती. उन्हाळ्यात माळावर एकोणपन्नास अंश तापमान होतं, तेवढ्या उन्हातही उघड्यावर तग धरेल अशी. त्यासाठी ती नऊ वर्षं वेल निवडत होती, त्यांचं बी धरत होती, पुन्हा लावत होती. आठव्या पिढीपर्यंतच्या वेलांनी पंचेचाळीस अंशांतच माना टाकल्या. ही नववी पिढी पहिल्यांदाच टिकली होती. पण तिचं बी अजून कुठेच नव्हतं. ते या तीनशे वेलांवरच्या काकड्यांत तयार व्हायचं होतं, आणि काकडी पिवळी होऊन आतलं बी पिकायला आणखी चार आठवडे हवे होते. त्याआधी वेल गेले, तर नऊ वर्षं पाण्यात.

"मी सगळं तपासलं," आई म्हणाली. "कीड नाही, बुरशी नाही. आकडा तर रोज दोन. माझी अक्कलच चालेनाशी झाली आहे." तिचे डोळे लाल होते. गोदाला आईला तसं बघवेना.

तेराव्या दिवशी आजोबा पुण्याहून परतले. दोन महिन्यांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेले होते. हे आईचे वडील, नाव स्वप्नील. त्यांच्या लहानपणी म्हणे वर्गात चार-चार स्वप्नील असायचे. आयुष्यभर त्यांनी संवेदक (एखादी गोष्ट जाणून तिचा आकडा सांगणारं उपकरण) बनवण्याचं काम केलं होतं, आणि कोणी चुकीचा प्रश्न विचारला की त्यांना अजूनही राग यायचा. पिशवी खाली न ठेवताच ते हरितगृहात शिरले, एक पान उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "आकडा किती?"

"दोन," गोदा म्हणाली.

"दोन काय?"

"दोन म्हणजे दोन, आजोबा."

"दोन आंबे? दोन म्हशी? काय मोजतो हा शहाणा, माहीत आहे का तुला?"

"पोषण," वाढपी अदबीने म्हणाला.

"गप रे! तुझ्या बापाने कधी पोषण मोजलं नाही." आजोबांनी पिशवी ठेवली. "गोदा, जरा बाहेर जा. बोलावलं की ये."

गोदा परत आली तेव्हा टेबलावर काचेचे दोन पेले होते. दोन्हींत स्वच्छ दिसणारं पाणी. आजोबांनी वाढप्याला मोजायला सांगितलं. त्याने पहिल्यात नळी बुडवली. "दोन पूर्णांक शून्य. उत्तम आहे." नळी धुऊन दुसऱ्यात बुडवली. "दोन पूर्णांक शून्य. उत्तम आहे."

"एकात काकडीचं खत आहे," आजोबा म्हणाले. "दुसऱ्यात साधं मीठ. कुठला कुठला?"

गोदाने पेल्याकडे हात नेला.

"चाखायचं नाही! प्रयोग करताना जीभ खिशात ठेवायची. बघून सांग."

बघून कसं सांगणार? गोदाने वाढप्याकडे पाहिलं. वाढप्याने नम्रपणे आपले दिवे मिचकावले. त्यालाही सांगता येत नव्हतं.

मग आजोबांनी स्टूल ओढलं. "शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. पण त्यात खत विरघळलं की खताचे बारीक कण सुटे होतात आणि प्रत्येक कणावर विजेचा थोडा भार असतो. काहींवर धन, काहींवर ऋण. अशा कणांना आयन (विद्युतभार असलेले कण) म्हणतात. ते हलले की वीज पुढे सरकते. जितके आयन जास्त, तितकी वीज सहज जाते. वाढपी हेच मोजतो. याला म्हणतात विद्युतवाहकता (पाण्यातून वीज किती सहज जाते त्याचं माप)."

"मग मिठाचं काय?"

"मीठही पाण्यात तसंच सुटं होतं. सोडियम आणि क्लोराइड. तेही वीज नेतात. काकडीला सोडियमचा काही उपयोग नाही, उलट जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. पण वाढप्याच्या नळीला सगळे आयन सारखेच. तो डोकी मोजतो, चेहरे बघत नाही."

गोदा पेल्यांकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात काहीतरी हळूहळू जुळत होतं. "आजोबा, समजा टाकीत मीठ आलं. मग आकडा दोनच्या वर जाईल."

"बरं."

"वर जायला लागला की वाढप्याला वाटेल पोषण पुरेसं आहे. मग तो खत कमी टाकेल. आकडा परत दोनवर." तिचा आवाज चढला. "पुन्हा मीठ आलं की आणखी कमी! आकडा रोज दोनच दिसेल आणि वेल उपाशी!"

आजोबांनी मान हलवली. त्यांना भलताच आनंद झाला होता, पण तो दाखवायची त्यांना सवय नव्हती. ते वाढप्याकडे वळले. "तेरा दिवसांपूर्वी किती खत टाकत होतास?"

"दिवसाला चार किलो."

"आणि आज?"

"एक किलो, आजोबा."

"हे सांगायचं नाहीस होय रे?"

"कोणी विचारलं नाही," वाढपी म्हणाला. त्यात त्याची काही चूक नव्हती.

आता अंदाज तपासायचा होता. आजोबांनी कपाटातून लाकडी पेटी काढली. आत कापसात गुंडाळलेल्या, पेन्सिलीएवढ्या चार नळ्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी हरितगृह बांधलं तेव्हाच त्यांनी त्या देऊ केल्या होत्या. पण त्यांची रोज निगा राखावी लागते म्हटल्यावर वस्तीने नाक मुरडलं होतं. एका आकड्यावर सगळं भागतंय, मग चारांचा जाच कशाला?

"हे आयननिवडक संवेदक," आजोबा म्हणाले. "प्रत्येक नळीच्या टोकाला एक पातळ पापुद्रा आहे. त्या पापुद्र्यातल्या रेणूंची घडण अशी असते, की त्यात एकाच जातीचा आयन नीट बसतो. ही पोटॅशियमची नळी. हिच्यात पोटॅशियम बसतं, सोडियम सहसा बसत नाही. आयन बसले की पापुद्र्याच्या दोन बाजूंमध्ये विजेचा किंचित दाब तयार होतो. तो दाब मोजला की पाण्यात पोटॅशियम किती ते कळतं. ही नायट्रेटची, झाडाला नत्र त्यातून मिळतं. ही कॅल्शियमची. आणि ही सोडियमची."

"मग लावू या टाकीत!"

"घाई नको. या नळ्या लहरी असतात. काल दिलेलं उत्तर आज देतीलच असं नाही. आधी त्यांची परीक्षा घ्यायची. याला अंशांकन (माहीत असलेल्या गोष्टीवर उपकरण पडताळून घेणं) म्हणतात."

आजोबांनी दोन बाटल्या दिल्या. एकीत थोडं पोटॅशियम, दुसरीत बरोबर त्याच्या दहापट. गोदाने नळी पहिल्या बाटलीत बुडवून दाब लिहिला, धुऊन दुसरीत बुडवून पुन्हा लिहिला. मग एका खास आलेखकागदावर दोन ठिपके दिले. त्या कागदावर प्रत्येक पुढचं घर आधीच्या दहापट होतं. दोन ठिपके पट्टीने जोडले आणि रेघ तयार झाली. आता टाकीच्या पाण्यात जो दाब येईल, तो रेघेवर शोधायचा आणि खाली पोटॅशियम किती ते वाचायचं. चारही नळ्यांसाठी हे करता करता दुपारचं जेवण बुडालं, आणि गोदाला त्याची आठवणही झाली नाही.

टाकीचं पाणी मोजलं. नायट्रेट हवं त्याच्या पाव. पोटॅशियम पाव. कॅल्शियमही तेवढंच. आणि सोडियमचा आकडा वर, आणखी वर. नेहमीच्या दहापटीच्याही पुढे.

"सापडला चोर," आजोबा म्हणाले. "आता आला कुठून ते बघू."

त्यांनी विंधनविहिरीचं पाणी मोजलं. सोडियम नाममात्र. खताच्या पोत्यांतले नमुने विरघळवून पाहिले. त्यातही नाही. "म्हणजे तिसरीच वाट," ते पुटपुटले. "विरघळलेलं मीठ वाळूच्या गाळणीत अडकत नाही. ते थेट आत येतं. पण वस्तीत एवढं मीठ ओततंय तरी कोण? हिशेबाने तीस किलो होईल!"

परातींतलं कैऱ्यांचं पाणी गोदाच्या डोळ्यांसमोर आलं, आणि तिची ती रोजची बादली. पाण्याचा थेंब वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून तिने तो मिठासकट टाकीत नेऊन सोडला होता. बारा दिवस. अभिमानाने.

तेवढ्यात आई आत आली. तिने आकडे वाचले आणि खुर्चीवर बसून राहिली. "म्हणजे मीच कुठलं तरी चुकीचं पोतं ओतलं असणार," ती म्हणाली. "पाच वाजता चौकात सभा आहे. तसं सांगते आणि हरितगृह दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देते. माझ्याच्याने आता होत नाही, बाबा."

"पोती तपासली मी. त्यांत काही नाही," आजोबा म्हणाले.

"मग रिकामी होऊन गेलेल्या पोत्यात असेल."

गप्प बसायला फार कष्ट पडत नाहीत. उद्यापासून बादली न्यायची नाही, एवढं केलं की झालं. मीठ यायचं थांबेल, कोणाला कळणारही नाही. आई चूक आपल्या माथी घेणारच आहे. गोदाने हा विचार अगदी नीट, शेवटपर्यंत करून पाहिला. आणि तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की तिला रडू फुटलं.

"आई, मी केलं ते," ती म्हणाली.

आईला राग आला. तिने तो लपवला नाही. "मला विचारायचं नाहीस? एका शब्दाने?" एवढंच बोलून ती पाठमोरी उभी राहिली. आजोबा मध्ये पडले नाहीत. बऱ्याच वेळाने आई वळली आणि म्हणाली, "सभेत तू सांगायचंस. मी शेजारी उभी राहीन."

पाच वाजता साठ घरांसमोर गोदाने सांगितलं. एकही पायरी तिने गाळली नाही: कैऱ्यांचं पाणी, गाळणी, डोकी मोजणारा वाढपी, उपाशी वेल. मग आजोबांनी शिकवलेला उपायही सांगितला. टाकीतलं बरंचसं पाणी काढून माळावरच्या काचेच्या पेट्यांत सोडायचं. उन्हाने त्याची वाफ होईल, काचेला लागून पुन्हा शुद्ध पाणी होईल आणि मीठ खाली राहील. याला ऊर्ध्वपातन (वाफ करून पाणी वेगळं काढणं) म्हणतात. थेंबही फुकट जाणार नाही. पण त्याला तीन आठवडे लागतील आणि तोवर टाकी भरायला तीस हजार लिटर गोडं पाणी हवं. म्हणजे प्रत्येक घरातून पाचशे लिटर.

चौकात कुजबुज सुरू झाली. वैशाखात पाचशे लिटर म्हणजे तोंडचं पाणी काढून देणं. "पोरीने घोळ घालायचा आणि आम्ही आंघोळी सोडायच्या!" कोणीतरी म्हणालं.

श्रावणीकाकू पदर खोचून उठल्या. "घोळ पोरीचा एकटीचा नाही. ते पाणी वाळवायचं असतं, हे तिला मी कधी सांगितलं? माझ्या डोळ्यांदेखत बादली नेत होती, मी म्हटलं किती गुणाची पोर! माझ्या घरचं पाणी आधी घ्या." मग एकेक घर हो म्हणत गेलं. काही मनापासून, काही तोंड वाकडं करून. पण पाणी साठही घरांनी दिलं.

पुढचे चार आठवडे कंटाळवाणे होते. खरं विज्ञान बरंचसं असंच असतं. गोदा रोज सकाळी सहाला उठून चारही नळ्यांचं अंशांकन करायची. दोन बाटल्या, दोन ठिपके, एक रेघ. मग वाढप्याला आकडे द्यायची. वाढपी आता नुसता 'उत्तम आहे' म्हणत नसे. "नायट्रेट कमी पडतंय, गोदाताई. पोटॅशियम पुरेसं. सोडियम उतरतंय," असं तो सविस्तर सांगायचा, आणि जे कमी तेवढंच वाढायचा. शंभराच्या वर वेल तरीही गेले. आई ते एकेक उपटायची तेव्हा गोदा शेजारी उभी राहायची, आणि ते तिला फार जड जायचं. उरलेल्यांना मात्र नवी पानं फुटली. हिरवी, कडांपर्यंत हिरवी.

"आजोबा," एका सकाळी रेघ काढता काढता गोदा म्हणाली, "आपल्याकडे चार नळ्या आहेत. पण पाण्यात पाचवंच काही असेल, ज्याची नळीच आपल्याकडे नाही, तर?"

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. "तर आपण वाढप्याइतकेच आंधळे. चार नळ्या चार प्रश्नांची उत्तरं देतात. पाचवा प्रश्न कोणाला तरी सुचावा लागतो. मला पन्नास वर्षांत चार सुचले. तुला अजून भरपूर वेळ आहे."

मग पहिली काकडी पिकली. हाताएवढी, गर्द पिवळी. आईने ती चिरली, आतला गर बियांसकट बरणीत काढला आणि दोन दिवस आंबत ठेवला. आंबलं की बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने तो गर कल्हईच्या पातेल्यात ओतला आणि वरून पाणी सोडलं. भरलेलं बी जड असतं, ते बुडतं. पोकळ बी तरंगतं. वेल महिनाभर आजारी होते. बी भरलं असेल की नाही, ते कोणत्याही नळीने सांगता येत नव्हतं.

तिघं पातेल्यावर वाकली. आधी फेस वर आला आणि त्याबरोबर बियांचा एक पांढरा पुंजका. आईने बोटाने फेस हळूच बाजूला केला. पाच-सहा बिया तरंगत राहिल्या. बाकीच्या डुलत डुलत खाली गेल्या आणि तळ पांढरा झाला.

आई खालीच बसली आणि ओक्साबोक्शी रडली. आजोबा उगाचच वाढप्यावर ओरडले, कारण त्यांनाही काहीतरी करायला हवं होतं. आईने डोळे पुसले, पाणी निथळवून टाकीच्या वाटेला लावलं आणि ओल्या बियांची मूठ गोदाच्या ओंजळीत दिली.

"सावलीत फडक्यावर पसर," ती म्हणाली. "एकमेकींना चिकटू देऊ नकोस. पुढच्या वर्षी या उघड्या माळावर लावायच्या आहेत."

गोदाने फडकं अंथरलं आणि एकेक बी सुटं करत ती दुपारपर्यंत तिथेच बसली.